एक्स-रे नॉर्मल आला तरी हाडात इन्फेक्शन असू शकतं का? एमआरआय, बोन स्कॅन आणि सीटी यातलं नेमकं काय करावं

तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात लिहितो. वडील साठीच्या पुढचे, बरीच वर्षं डायबिटीस, उजव्या पायाच्या अंगठ्याच्या खाली तळव्याला दीड महिन्यापासून जखम आहे आणि ती भरत नाहीये, एक्स-रेच्या रिपोर्टात हाड नॉर्मल लिहून आलंय, तरी सर्जन एमआरआय करा म्हणतायत, दुसऱ्या डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितला, आणि नात्यातल्या कुणीतरी सीटी केला की सगळंच कळेल असं सांगितलं. त्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची टेस्ट) थोडं वाढलेलं आणि डाव्या गुडघ्याचं सांधारोपण झालेलं. तुम्ही विचारताय की यातली फायनल टेस्ट कुठली.

मी हाडं-सांध्यांचे स्कॅन वाचायचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे. आधीच सांगतो, प्रत्येक पेशंटला फायनल ठरेल अशी एक टेस्ट नाहीये. तुमच्या केसमध्ये खरे प्रश्न तीन आहेत: जखमेखालच्या हाडाला इन्फेक्शनने धरलंय का, धरलं असेल तर कुठपर्यंत, आणि जंतू कुठला. हे तीन प्रश्न एकच मशीन सोडवत नाही. पहिल्याला एमआरआय चांगला, दुसऱ्यालाही बहुतेक वेळा एमआरआयच, आणि तिसऱ्याचं उत्तर कुठलाच स्कॅन देत नाही, त्यासाठी हाडाचा तुकडा लॅबमध्ये जावा लागतो. हे एकदा नीट वेगळं केलं की तिघांचे तीन सल्ले एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत.

आता तुम्ही न लिहिलेल्या काही गोष्टींवर बरंच अवलंबून आहे. एक्स-रे नेमका कधी काढला, जखम नवीन असताना की आत्ता? जखम किती खोल आहे, तळाशी हाड दिसतं किंवा लागतं का? आधी कधी त्या पायाला फ्रॅक्चर, ऑपरेशन, किंवा पाय सुजून आकार बदलणं असं काही झालंय का? अँटिबायोटिक चालू आहेत का आणि किती दिवसांपासून? पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का? याची उत्तरं बदलली की माझा सल्लाही थोडा बदलेल, म्हणून खाली जे लिहितोय ते त्या हिशोबाने वाचा.

एक्स-रेपासून सुरू करू, कारण सगळा गोंधळ तिथूनच झालाय. एक्स-रेवर हाड दिसतं ते त्यातल्या कॅल्शियममुळे. इन्फेक्शन सुरू झालं की पहिल्यांदा बदल होतो तो हाडाच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, तिथे सूज येते, पू तयार व्हायला लागतो, दाब वाढतो, पण कॅल्शियम अजून जागच्या जागीच असतं. ते विरघळून हाडाची घनता साधारण ३० ते ५० टक्के कमी झाल्याशिवाय साध्या एक्स-रेवर डोळ्याला फरक दिसत नाही आणि एवढं व्हायला १० ते १४ दिवस तरी जातात, कधी कधी तीन आठवडेही. म्हणजे पहिल्या आठवड्यात काढलेला एक्स-रे नॉर्मल आला तर त्याचा अर्थ फक्त इतकाच की अजून हाड पुरेसं झिजलेलं नाही. इन्फेक्शन नाही असा त्याचा अर्थ होत नाही, आणि 'नॉर्मल' हा एक शब्द वाचून निर्धास्त झालेले लोक मी इतके बघतो की हे ठळकपणे सांगावंसं वाटतं.

पण म्हणून एक्स-रे वाया गेला असं नाही. उलट पायाच्या जखमेत पहिली टेस्ट तीच असायला हवी. जुनं फ्रॅक्चर, पायात अडकलेली काच किंवा सुई, मऊ भागात गॅस, सांध्यांची मोडतोड हे सगळं तिथे लगेच दिसतं, आणि पुढे एमआरआय वाचताना आम्हाला तो एक्स-रे शेजारी लागतोच. दुसरं म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी तोच एक्स-रे त्याच अँगलने परत काढला आणि आधीच्याशी ताडून पाहिला तर फार उपयोग होतो. हाडाच्या कडेची पांढरी रेघ पुसट झालीये का, हाडाच्या बाहेर नवीन पातळ थर आलाय का, टोक कुरतडल्यासारखं दिसतंय का, हे एका फिल्मवर संशयास्पद असतं पण दोन फिल्म शेजारी ठेवल्या की स्पष्ट होतं. तुमचा एक्स-रे एक महिन्यापूर्वीचा असेल तर आत्ता नवीन काढून घ्या, मशीन जवळ असतं, पाच मिनिटांचं काम आहे.

मशीनच्या आधी अजून दोन साध्या गोष्टी. एक म्हणजे जखम साफ करून निर्जंतुक बोथट सळई हळूच आत घालून तळाशी टणक हाड लागतं का बघणं. ही तपासणी खोलीतच होते आणि ज्याची जखम खोल आहे, ज्याच्याबद्दल आधीच संशय आहे, त्याच्यात हाड लागलं तर इन्फेक्शन असण्याची शक्यता खूप वाढते. ती अनुभवी हातानेच करायची, घरी नाही. दुसरी म्हणजे रक्तातला ईएसआर आणि सीआरपी, शरीरात सूज किंवा इन्फेक्शन असलं की वाढणारे दोन आकडे. पायाच्या जखमेबरोबर ईएसआर ७० च्या वर असेल तर माझं लक्ष लगेच हाडाकडे जातं. इथे एक धोका आहे. डायबिटीसच्या पेशंटला पायात संवेदना कमी असतात त्यामुळे दुखत नाही, आणि हाड सडत असूनही ताप नसतो, पांढऱ्या पेशीही वाढलेल्या नसतात. 'बाबांना तर काही त्रासच नाही' हे वाक्य म्हणून मला कधीच आश्वस्त करत नाही.

डायबेटिक फूटवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने आणि अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेने मिळून २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यातही क्रम हाच आहे, आधी सळईची तपासणी, साधा एक्स-रे आणि रक्ताच्या टेस्ट एकत्र बघा, आणि एवढं करूनही शंका उरली तर एमआरआय. म्हणजे तुमचे सर्जन चुकीचं काही सांगत नाहीयेत.

आता एमआरआय. एमआरआय कॅल्शियम बघत नाही, तो मगजातलं पाणी आणि चरबी बघतो. मोठ्या माणसाच्या पायाच्या हाडातला मगज बहुतेक चरबीचाच असतो. इन्फेक्शन झालं की चरबीच्या जागी सूज, पेशी आणि पू येतो, आणि हा बदल एक्स-रेच्या कितीतरी आधी, सुरुवातीच्या काही दिवसांतच दिसायला लागतो. त्यामुळे एमआरआयची सगळ्यात मोठी ताकद अशी की व्यवस्थित काढलेल्या एमआरआयमध्ये मगज पूर्ण नॉर्मल दिसला तर त्या हाडात इन्फेक्शन नाही असं आम्ही बऱ्यापैकी खात्रीने म्हणू शकतो. दुसरी कुठलीही टेस्ट 'नाही' इतक्या भरवशाने सांगत नाही.

'आहे' म्हणायची वेळ आली की मात्र जरा जपून. पाण्याला संवेदनशील अशा सिक्वेन्समध्ये (सिक्वेन्स म्हणजे एमआरआयचा एक चित्रप्रकार), ज्याला आम्ही स्टर म्हणतो, मगज पांढरा चमकतो, पण सूज कशानेही येते. शेजारी जखम आहे म्हणून सहज प्रतिक्रिया म्हणून येते, चालण्याचा ताण पडून येते, बारीक फ्रॅक्चरने येते, ऑपरेशननंतर महिनोन् महिने राहते. भिंतीला ओल दिसली म्हणजे पाणी कुठल्या पाइपातून येतंय हे कळत नाही, तसंच आहे हे. म्हणून मी नेहमी टी-१ नावाचा सिक्वेन्स आधी उघडतो. त्यात नॉर्मल मगज चरबीमुळे उजळ असतो. इन्फेक्शनमध्ये ही उजळ चरबी एकसलग, मगजाच्या आतपर्यंत, काळी पडते. फक्त कडेला, जाळीसारखी विरळ, धूसर काळपट छटा असेल आणि बाकीची चरबी शाबूत असेल तर बहुतेकदा ती शेजारच्या जखमेची प्रतिक्रिया असते आणि हाड अजून वाचलेलं असतं. रिपोर्टात नुसतं 'मॅरो एडिमा' (मगजातली सूज) एवढंच लिहिलेलं असेल आणि टी-१ बद्दल एक शब्द नसेल तर रेडिओलॉजिस्टला फोन करून विचारायला तुमच्या सर्जनना सांगा, यात संकोच करायचं काही कारण नाही, कारण याच एका फरकावर अंगठा ठेवायचा की काढायचा हे ठरू शकतं.

डायबिटीसमध्ये सगळ्यात अवघड जागा म्हणजे शार्को फूट. नसा बधिर झाल्यामुळे पायावर पडणारा ताण कळत नाही, सांधे आतून मोडत जातात, पाय लाल, गरम, सुजलेला दिसतो, आणि एमआरआयमध्येही भरपूर सूज दिसते, अगदी इन्फेक्शनसारखी. दोन्ही वेगळं कसं ओळखायचं? पहिलं बघायचं ते जागा. शार्को बहुतेक वेळा पायाच्या मधल्या भागात, घोट्याच्या पुढच्या सांध्यांमध्ये असतो आणि एकाच वेळी बरीच हाडं, सांध्याच्या दोन्ही बाजू धरतो. इन्फेक्शन मात्र जखमेच्या मागे मागे जातं, कारण डायबेटिक पायात जंतू रक्तातून क्वचितच येतात, ते बाहेरून कातडी फोडून आत शिरतात. त्यामुळे ते जिथे दाब पडतो तिथे सापडतं: बोटांची टोकं, बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांची डोकी, टाच. मी स्कॅनवर आधी जखम शोधतो, मग तिथून हाडापर्यंत जाणारा मार्ग आहे का बघतो, आणि मगच त्या हाडाकडे बघतो. जखमेपासून लांबच्या हाडात सूज असेल आणि मधे सगळं स्वच्छ असेल तर इन्फेक्शन म्हणायला मी कचरतो. शार्कोवरच इन्फेक्शन चढलं तर अजून एक खूण मिळते, टी-१ वर हाडांच्या कडा विरघळून गेल्यासारख्या गायब होतात आणि दुसऱ्या सिक्वेन्समध्ये किंवा कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन) दिल्यावर परत दिसायला लागतात. नुसत्या शार्कोत हाडं मोडलेली असली तरी कडा असं करत नाहीत. तुमच्या वडिलांची जखम अंगठ्याच्या मुळाशी, दाबाच्या जागेवर आहे, त्यामुळे तिथे हाड धरलेलं दिसलं तर माझा कौल इन्फेक्शनकडे जाईल. अंगठ्याच्या मुळाखाली सेसमॉइड नावाची दोन छोटी हाडं असतात, ती बघायची राहू नयेत, जखम बरोबर त्यांच्याखालीच असते आणि एक्स-रेत ती नेहमीच्या अँगलला झाकली जातात.

तुमच्या मनात किडनीची भीती आहे ती समजू शकतो. एमआरआयला दर वेळी इंजेक्शन लागतंच असं नाही. हाड धरलंय की नाही हे कॉन्ट्रास्टशिवायही कळतं. कॉन्ट्रास्टचा फायदा पूचा खिसा, आतून जाणारी नळी आणि रक्तपुरवठा गेलेला मेलेला भाग वेगळा दाखवण्यात आहे, म्हणजे ऑपरेशन ठरलं असेल तर. एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमधल्या गॅडोलिनियममुळे किडनीच्या पेशंटना कातडी कडक होण्याचा जो गंभीर आजार होत असे तो मुख्यतः जुन्या प्रकारच्या औषधांमुळे आणि ज्यांचा ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली होता किंवा जे डायलिसिसवर होते त्यांच्यात. आत्ता जी नवीन गटाची औषधं वापरतात त्यात हा धोका अतिशय कमी आहे. नुसता क्रिएटिनिनचा आकडा सांगू नका, त्यावरून ईजीएफआर काढून घ्या आणि तो फॉर्मवर लिहा. माझ्या हातात असेल तर आधी कॉन्ट्रास्टशिवाय काढून बघेन आणि ऑपरेशनसाठी गरज वाटली तरच इंजेक्शनचा विचार करेन.

गुडघ्याचा इम्प्लांट? तो बघायच्या जागेपासून दूर आणि दुसऱ्याच पायात आहे, धातूमुळे चित्र बिघडतं ते धातूच्या आजूबाजूला. गुडघ्याचे आजचे इम्प्लांट सहसा एमआरआयला चालतात, पण टेक्निशियनला आधी सांगायचंच, आणि इम्प्लांटचं कार्ड असेल तर बरोबर न्यायचं. काळजी करायची ती पेसमेकर, मेंदूतली जुनी क्लिप, कानातला कॉक्लियर इम्प्लांट, डोळ्यात कधी धातूचा कण गेला असेल तर, असल्या गोष्टींची. इन्फेक्शनचा संशय प्लेट किंवा स्क्रूच्या अगदी शेजारीच असेल तेव्हा मात्र गणित बदलतं. तिथे धातूची बिघाडं कमी करणारे खास सिक्वेन्स लागतात, ३ टेस्लापेक्षा १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन बरं पडतं, आणि स्टीलपेक्षा टायटॅनियम कमी त्रास देतं.

बोन स्कॅनकडे वळू. टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ लावलेलं औषध शिरेत देतात आणि हाड जिथे नवीन बनतंय तिथे ते जमा होतं. तीन टप्प्यांत फोटो घेतात, सुरुवातीचा रक्तप्रवाह, थोड्या मिनिटांनी मऊ भाग, आणि तीन-एक तासांनी हाड. तिन्ही टप्प्यांत चमकलं तर हाडाचं इन्फेक्शन असू शकतं, फक्त पहिल्या दोन टप्प्यांत चमकलं तर वरवरचं. आजारी हाड तो लवकर पकडतो, एक-दोन दिवसांतही, आणि सगळं शरीर एकदम दिसतं, त्यामुळे मूळ कुठे आहे तेच कळत नसेल तिथे तो कामाचा. पण शार्को, फ्रॅक्चर, मागचं ऑपरेशन, सांध्यांची झीज, सगळंच त्यात चमकतं. बदललेल्या गुडघ्याभोवतीही बऱ्याच काळापर्यंत चमक राहू शकते. म्हणून तुमच्या वडिलांसारख्या पायात नुसता बोन स्कॅन केला तर बहुधा 'पॉझिटिव्ह आहे पण कशामुळे ते सांगता येत नाही' असाच रिपोर्ट हाती येईल. एमआरआय करताच येत नसेल तर मी नुसत्या बोन स्कॅनपेक्षा पांढऱ्या पेशींचा स्कॅन सुचवेन. त्यात पेशंटचंच रक्त काढून पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांना किरणोत्सारी औषध लावून परत टोचतात आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही फोटो काढतात. पांढऱ्या पेशी जंतूंकडे जातात त्यामुळे शार्को आणि इन्फेक्शन वेगळं करायला तो जास्त नेमका आहे, सोबत सीटी जोडला की कुठल्या हाडात तेही कळतं. ही सोय सगळीकडे नसते, लॅबचं काम किचकट आहे, आणि मणक्यात तो फसवतो, तिथे इन्फेक्शन असूनही बऱ्याचदा जागा उलट फिकी दिसते.

पेट-सीटी, म्हणजे जास्त साखर वापरणाऱ्या पेशी कुठे आहेत ते दाखवणारा स्कॅन, जुन्या, चिघळत राहिलेल्या इन्फेक्शनमध्ये आणि मणक्यात चांगला आहे, धातू असला तरी बऱ्यापैकी चालतो. ताजं फ्रॅक्चर किंवा ताजं ऑपरेशन त्यात इन्फेक्शनसारखंच चमकतं, आणि रक्तातली साखर खूप वाढलेली असेल तर चित्र खराब येऊ शकतं, हे डायबिटीसवाल्यांनी लक्षात ठेवायचं.

आणि सीटी. नात्यातल्या व्यक्तीचा सल्ला प्रेमाने दिलेला आहे पण सुरुवातीच्या इन्फेक्शनला सीटी कामाचा नाही, कारण तोही एक्स-रेच आहे, जास्त बारीक कापांचा, आणि मगजातली सूज तो नीट दाखवत नाही. त्याची खरी जागा जुन्या केसमध्ये. महिनोन् महिने पू वाहतोय, मधेच बंद होतो मग परत सुरू होतो, तिथे आत मेलेल्या हाडाचा सुटा तुकडा अडकलेला असतो, त्याला सिक्वेस्ट्रम म्हणतात. त्या तुकड्याला रक्तच पोहोचत नाही म्हणजे अँटिबायोटिकही पोहोचत नाही, जंतू तिथे सुखरूप राहतात, आणि तो काढल्याशिवाय कितीही गोळ्या घेतल्या तरी आजार परत येतो. असा बारीक तुकडा सीटीइतका स्पष्ट कशातच दिसत नाही. मऊ भागातला गॅसही सीटीत छान दिसतो. आणि बायोप्सीची (तपासायला तुकडा काढायची) सुई खोल हाडात नेमकी न्यायला सीटीच लागतो.

तुमचा प्रश्न पायाचा आहे, पण हे वाचणाऱ्यांमध्ये लहान मुलांचे आईवडील आणि पाठदुखीवाले असतील म्हणून दोन गोष्टी सांगून टाकतो. मुलांमध्ये जंतू बहुतेकदा रक्तातून येतात आणि लांब हाडांच्या टोकाजवळ, वाढीच्या पट्ट्याला लागून बसतात, कारण तिथे रक्त संथ वाहतं. मूल अचानक लंगडायला लागलं, पायावर भार देत नाही, ताप आहे, तर एक्स-रे नॉर्मल असला तरी थांबायचं नाही. तिथे सोनोग्राफी फार कामाची, भूल लागत नाही, किरणोत्सर्ग नाही, खुब्याच्या सांध्यात पाणी आहे का आणि हाडाच्या आवरणाखाली पू आहे का ते लगेच दिसतं, सांध्यातला पू तर तासांच्या हिशोबाने कूर्चा खराब करतो. तान्ह्या बाळात वाढीचा पट्टा ओलांडून रक्तवाहिन्या जातात म्हणून इन्फेक्शन सांध्यात शिरायची भीती जास्त.

मणक्यात एमआरआयला पर्याय जवळजवळ नाहीच. साधं पू करणारं इन्फेक्शन दोन शेजारच्या मणक्यांना आणि मधल्या चकतीला एकत्र धरतं. टीबीत चकती बराच काळ तुलनेने वाचते, आजार मणक्याच्या पुढच्या पट्ट्याखालून वर-खाली सरकतो, बाजूला पातळ भिंतीचे मोठे पूचे खिसे होतात आणि मधले मणके सोडून दुसरीकडेही डाग असू शकतो, म्हणून अशा वेळी पूर्ण मणक्याचा एक झटपट स्कॅन त्याच बैठकीत करून घ्यावा असं माझं आग्रहाचं मत आहे. पाठदुखीबरोबर पायातली ताकद कमी होत असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

परत तुमच्याकडे येतो. समजा एमआरआयमध्ये हाड धरलेलं दिसलं. पुढचा प्रश्न जंतूचा. जखमेच्या वरवर कापूस फिरवून केलेलं कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायची टेस्ट) पुरेसं नसतं, कातडीवर राहणारे जंतू त्यात येतात आणि हाडातला जंतू कुणी वेगळाच असू शकतो. हाडाचा तुकडा, शक्यतो निरोगी कातडीतून सुई नेऊन किंवा ऑपरेशनच्या वेळी काढलेला, कल्चरला आणि पॅथॉलॉजीला दोन्हीकडे पाठवायचा. एकच बाटली फॉर्मलिनमध्ये टाकून दिली तर कल्चर होत नाही, म्हणून डॉक्टरांना आधीच आठवण करा की दोन वेगळे नमुने हवेत. अँटिबायोटिक चालू असताना घेतलेल्या तुकड्यात जंतू उगवायची शक्यता कमी होते, त्यामुळे पेशंटची तब्येत स्थिर असेल तर डॉक्टर आधी काही दिवस औषध थांबवून मग बायोप्सी घेतात. हे स्वतःहून मात्र अजिबात करू नका, पाय पसरत लाल होत असेल तर औषध थांबवणं धोक्याचं आहे. एवढा खटाटोप कशासाठी, तर हाड न कापता औषधावर बरं करायचं ठरलं तर अँटिबायोटिक साधारण ६ आठवडे चालतं, आणि ६ आठवडे चुकीचं औषध, तेही किडनी नाजूक असताना, ही गोष्ट टाळण्यासारखी आहे.

स्कॅनला जाताना काही गोष्टी करा, यामुळे रिपोर्टची किंमत खरंच वाढते. फॉर्मवर नुसतं 'पाय दुखणे' किंवा 'इन्फेक्शन?' असं लिहून नेऊ नका. जखम कुठे, किती दिवसांची, हाड लागतं का, डायबिटीस, आधीचं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, अँटिबायोटिक कधीपासून, ईजीएफआर, आणि सर्जनला नेमकं काय विचारायचंय हे चार ओळींत लिहून घ्या. जखमेवर किंवा तिच्या अगदी कडेला व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवायला टेक्निशियनला सांगा, ती चित्रात उजळ दिसते आणि वाचणाऱ्याला जखम शोधत बसावं लागत नाही. सगळा पाय घोट्यापासून एकदम काढला तर बोटांची हाडं दाण्याएवढी येतात, म्हणून पायाचा पुढचा भाग छोट्या चौकटीत वेगळा काढून मागा. जुने एक्स-रे बरोबर न्या, नुसते रिपोर्ट नाही, फिल्म किंवा सीडी.

हे सगळं चालू असताना पायाचा रक्तपुरवठा राहून जाऊ देऊ नका. घोट्याजवळची नाडी, डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी), गरज पडल्यास बोटाचा रक्तदाब. रक्तच पोहोचत नसेल तर बरोबर अँटिबायोटिकही तिथे जाणार नाही आणि ऑपरेशनची जखमही भरणार नाही, मग हाडाचा कितीही सुंदर एमआरआय असो, उपचार तिथेच अडतो. आणि त्या जागेवरचा भार काढणं, म्हणजे योग्य बूट किंवा प्लास्टर, हे पहिल्या दिवसापासून.

उपचार सुरू झाल्यावर एक गोष्ट लोक हमखास विचारतात, परत एमआरआय कधी? बहुतेकांना गरज नसते. मगजातली सूज औषधाने जंतू मेल्यावरही महिनोन् महिने दिसत राहते, ती पाहून पेशंट आणि कधी डॉक्टरही घाबरतात आणि औषध उगाच लांबतं. जखम भरतेय का, सीआरपी खाली येतोय का, एक्स-रेवर हाडाची कड परत नीट होतेय का, यावर लक्ष ठेवा. सगळं उलटं चाललं असेल तरच नवीन स्कॅन.

थोडक्यात माझा क्रम असा राहील: आत्ताचा नवा एक्स-रे, सळईची तपासणी, ईएसआर-सीआरपी, रक्तपुरवठा, मग पायाच्या पुढच्या भागाचा कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय, आणि हाड धरलेलं दिसलं तर तुकडा कल्चरला. बोन स्कॅन आणि सीटी आत्ता नको. एमआरआय जमलाच नाही तर पांढऱ्या पेशींचा स्कॅन किंवा पेट-सीटी, जे तुमच्याकडे उपलब्ध असेल ते. आणि लालसरपणा घोट्याकडे चढायला लागला, थंडी वाजून ताप आला, बोट काळं पडलं, जखमेला घाण वास यायला लागला किंवा दाबल्यावर कातडीखाली चरचर जाणवली, तर यातली एकही टेस्ट पूर्ण व्हायची वाट न बघता वडिलांना लगेच सर्जनकडे घेऊन जा, त्या वेळी आधी ऑपरेशन थिएटर, स्कॅन नंतर.